अव्हर्नस सरोवर: पाताळाचे दार आणि आरमाराची गोदी एकाच पाण्यावर कशी?

अजिंक्यतारा_वाचक (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या वाचनमंडळात सध्या रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याचा सहावा सर्ग इंग्रजी अनुवादाच्या आधारे वाचला जात आहे, आणि एका मुद्द्यावर आमची चर्चा अडून राहिली आहे. ट्रॉय जळाल्यावर तेथून निघालेला ईनीअस आपल्या मृत वडिलांच्या भेटीसाठी पाताळात उतरतो. तो जेथून उतरतो ती गुहा नेपल्सच्या पश्चिमेस, अव्हर्नस नावाच्या सरोवराच्या काठी आहे. हे सरोवर म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी. काळे पाणी, सभोवार दाट रान आणि वरून कोणताही पक्षी सुखरूप उडून जाऊ शकणार नाही अशी विषारी वाफ, असे त्या जागेचे वर्णन आहे.

येथपर्यंत सर्व समजते. परंतु मंडळातील एका सदस्यांनी असे निदर्शनास आणले, की इ. स. पू. ३७ मध्ये अग्रिपा या सेनानीने नेमके हेच सरोवर कालव्याने समुद्राला जोडले, भोवतालचे रान तोडले आणि तेथे आरमार उभारले. व्हर्जिलने 'ईनिड' लिहिले ते इ. स. पू. २९ ते १९ या काळात, आणि त्याचे वास्तव्यही बराच काळ नेपल्स परिसरात होते. म्हणजे ज्या पाण्यावर काही वर्षांपूर्वी हजारो वल्हेकऱ्यांची कवायत चालली, त्याच पाण्याच्या काठी कवीने पाताळाचे दार उघडले. रोमन वाचकांना ही गोष्ट विसंगत वाटली नसेल काय? कवीने तिकडे डोळेझाक केली, की त्यामागे काही हेतू होता?

आणखी दोन शंका आहेत. पक्ष्यांच्या कथेत तथ्य किती? आणि आपला सह्याद्रीही लाव्हापासूनच झालेला असताना आपल्याकडे असे सरोवर का आढळत नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

काळापाषाण (मिरज)

मी सांगलीत बरीच वर्षे भूशास्त्र शिकवले असल्यामुळे शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचाच आहे, यात वाद नाही. परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये हा लाव्हा प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. यवतेश्वरच्या घाटाने कासकडे जाताना समोरच्या डोंगरांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या कडा होत. अशा उद्रेकात उंच शंकू आणि त्याच्या माथ्यावर खोल मुख अशी रचना सहसा होत नाही, आणि कोठे झाली असती तरी एवढ्या काळात ती झिजून गेली असती. महाराष्ट्रातील सरोवर म्हणून लोणारचे नाव कोणीतरी घेईल, म्हणून सांगून ठेवतो की लोणारचे विवर बेसाल्टमध्ये असले तरी ते उल्कापाताने झालेले आहे. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाचाही ज्वालामुखीशी संबंध नाही.

नेपल्सच्या पश्चिमेचा प्रदेश अगदी वेगळ्या जातीचा आहे. त्याला 'कांपी फ्लेग्रेई' म्हणतात. तेथे व्हेसुव्हिअससारखा एकच ठळक डोंगर नाही. बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीचा एक खचलेला खळगा आहे, त्याचा काही भाग समुद्राखाली आहे आणि त्याच्या आत लहानमोठी अनेक मुखे आहेत. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी तेथे एक महाभयंकर उद्रेक झाला आणि सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी दुसरा. अव्हर्नसचे मुख त्या मानाने कालपरवाचे, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटक उद्रेकातून झालेले आहे. हा प्रदेश अजून निवलेला नाही. १५३८ च्या सप्टेंबरअखेरीस अव्हर्नसपासून हाकेच्या अंतरावर जमीन फुटली आणि आठवडाभरात सुमारे १३३ मीटर उंचीची नवीच टेकडी उभी राहिली. तिचे नावच 'मोंते नुओव्हो', म्हणजे नवा डोंगर. त्या राखेखाली त्रिपेर्गोले हे गाव गेले आणि शेजारच्या लुक्रिनस सरोवराचा मोठा भाग बुजला. १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत पोत्झुओली शहराखालची जमीन सुमारे पावणेदोन मीटर वर उचलली गेली, आणि हे चढणे-उतरणे आजही चालू आहे.

आता पक्ष्यांविषयी. ज्वालामुखीच्या प्रदेशात भेगांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे वारा पडलेला असेल तेव्हा खळग्यात साचून राहतो. याच भागात अन्यानो येथे एक लहान गुहा आहे. पूर्वी प्रवाशांना दाखवण्यासाठी तीत कुत्रे नेत असत. माणसाचे डोके वायूच्या थराच्या वर राहिल्याने त्याला काही होत नसे, कुत्रा मात्र बेशुद्ध पडे. प्रथा क्रूरच, पण जड वायू जमिनीलगत कसा साचतो हे तीवरून स्पष्ट होते. अव्हर्नस तर बहुतेक बाजूंनी उंच कडांचे, आणि त्यावर दाट रान. तेथे एके काळी वायू साचून पक्षी मेले असतील, हे भूशास्त्राच्या दृष्टीने सहज शक्य आहे.

विशेष म्हणजे हा विचार प्राचीनांनीही केला होता. व्हर्जिलच्या आधीच्या पिढीतील कवी लुक्रीशियस आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात अशा जागांची चर्चा करतो आणि बजावून सांगतो, की तेथे पाताळाचे दार वगैरे काही नाही, भूमीतून निघणाऱ्या घातक वाफांनी पक्षी कोसळतात. व्हर्जिलने लुक्रीशियसचे काव्य बारकाईने वाचलेले होते, हे त्याच्या रचनेत जागोजागी दिसते. म्हणजे अव्हर्नसचे शास्त्रीय स्पष्टीकरण त्याला ठाऊक होते, हेही आपल्या चर्चेत लक्षात घ्यावे.

मेणवली_घाट (वाई)

सरांनी जमिनीखालची बाजू उत्तम मांडली आहे. मी जमिनीवरची सांगतो.

इ. स. पू. ३८ मध्ये ऑक्टेव्हियनची, म्हणजे पुढच्या ऑगस्टस सम्राटाची, अवस्था बिकट होती. रोमन सेनापती पाँपीचा मुलगा सेक्स्टस याच्या ताब्यात सिसिली आणि जबरदस्त आरमार होते. त्याने समुद्रमार्ग रोखल्यामुळे रोम शहराला धान्य मिळेनासे झाले होते, आणि ऑक्टेव्हियनचे स्वतःचे आरमार त्याच्याशी लढताना आणि वादळात सापडून मोडले होते. नवी जहाजे बांधायची तर शत्रूच्या नजरेपासून आणि लाटांपासून सुरक्षित जागा हवी होती, आणि त्या किनाऱ्यावर तशी नैसर्गिक जागा नव्हती. इ. स. पू. ३७ मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च वार्षिक अधिकारी, झालेल्या अग्रिपाने ती निर्माण केली. समुद्र आणि लुक्रिनस सरोवर यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी होती. तिच्यातून त्याने वाट काढली आणि लुक्रिनसपासून आत अव्हर्नसपर्यंत कालवा खणला. बाहेरचे लुक्रिनस उथळ आणि आतले अव्हर्नस खोल, कड्यांनी वेढलेले. मुक्त केलेले वीस हजार गुलाम वल्हेकरी म्हणून येथे तयार केले गेले, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. या बंदराला 'पोर्तुस यूलियस' असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, इ. स. पू. ३६ मध्ये, नाउलोकसच्या सागरी युद्धात सेक्स्टसचा निर्णायक पराभव झाला.

रानाविषयी ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोचा उल्लेख महत्त्वाचा आहे. तो स्वतः ऑगस्टसच्या काळातला. तो सांगतो, की पूर्वी या सरोवराभोवती मोठमोठ्या वृक्षांचे अभेद्य रान होते आणि त्याच्या सावलीमुळेच ती जागा लोकांना भयप्रद वाटे. येथे मृतांना कौल लावण्याचे स्थान होते आणि लोक आधी बळी देऊन, पाताळातील दैवतांना संतुष्ट करूनच पाण्यात नाव घालीत. अग्रिपाने ते रान तोडले, काठावर बांधकामे झाली, अव्हर्नसपासून जवळच्या क्यूमी नगरापर्यंत डोंगराच्या पोटातून बोगदा खणला गेला, आणि मग या सगळ्या जुन्या कथा केवळ दंतकथा ठरल्या, असा त्याचा सूर आहे. बोगद्याच्या स्थापत्यकाराचे नावही तो देतो: कॉक्सीयस.

म्हणून रोमन लोकांना त्याचे काहीच वाटले नाही, असे मात्र समजू नये. इतिहासकार डिओ कॅशिअस एक घटना नोंदवतो. काम चालू असताना अव्हर्नसच्या काठावरील एका स्त्रीदेवतेच्या मूर्तीला माणसाला यावा तसा घाम फुटला. ती ग्रीक पुराणातील कॅलिप्सो या अप्सरेची होती की अन्य कोणाची, हे तो निश्चित सांगत नाही. व्हर्जिलवरील जुन्या टीकांतही या घामाचा उल्लेख येतो. देवतेची जागा खणली जात असताना लोकांच्या मनात काय चालले होते, याची ही नोंद मला फार बोलकी वाटते. कोयनेच्या खोऱ्यातील गावे धरणाखाली गेली तेव्हा ग्रामदैवते सन्मानाने नव्या वसाहतींत नेली गेली. धरणाची गरज पटलेल्या माणसांनाही देव तसाच पाण्यात सोडून जाणे मान्य नव्हते. अव्हर्नसच्या काठी राबणाऱ्यांची मनःस्थिती काही वेगळी असेल असे मला वाटत नाही.

या जागेचा राजकारणासाठी वापरही नवा नव्हता. दुसऱ्या प्यूनिक युद्धात, इ. स. पू. २१४ मध्ये, रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल सैन्यासह अव्हर्नसला आला. निमित्त सांगितले बळी देण्याचे आणि खरा डोळा होता शेजारच्या पुतेओली (आजचे पोत्झुओली) बंदरावर, असे रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो. पुतेओली त्याच्या हाती लागले नाही, ही गोष्ट निराळी.

अजिंक्यतारा_वाचक (सातारा)

दोघांचेही मनापासून आभार. मूर्तीच्या घामाची हकिगत आम्हा कोणालाच माहीत नव्हती. आता दोन गोष्टी विचारतो. आज त्या ठिकाणी प्रत्यक्ष काय दिसते? आणि पाताळात जाण्यासाठी ईनीअसला जी सोनेरी फांदी लागते, तिचा संबंध काही ठिकाणी नेमी नावाच्या दुसऱ्याच सरोवराशी जोडलेला दिसतो, तो कसा?

दर्यावर्दी_वाळवा (जि. सांगली)

मी व्यापारी जहाजावर इंजिनिअर होतो. जहाज नेपल्सला लागले असताना सुटीच्या दिवशी तेथे गेलो होतो. जाणे अवघड नाही. नेपल्सच्या मोंतेसांतो स्थानकातून कुमाना रेल्वे सुटते. तिने लुक्रिनो स्थानकावर उतरायचे आणि आत साधारण एक किलोमीटर चालायचे.

सरोवर जवळजवळ गोल आहे आणि काठाकाठाने पायवाट आहे. आतल्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. पाण्याच्या कडेला वेत वाढलेले होते आणि त्यांच्या आडून चांदवे आणि बदके निवांत पोहत होती. ज्या पाण्यावरून पक्षी जाऊ शकत नाही म्हणून दोन हजार वर्षे लिहिले गेले, तेथे चांदव्याची मादी पिलांना घेऊन वेतातून बाहेर आली, पाण्यावर एक फेरी मारून पुन्हा आत गेली. मी बराच वेळ तेथेच उभा राहिलो.

पूर्वेच्या काठावर विटांचे एक प्रचंड भग्न अर्धवर्तुळ आहे. त्याला 'अपोलोचे मंदिर' म्हणतात, परंतु ते मंदिर नव्हे. गरम पाण्याच्या झऱ्यांवर बांधलेले ते रोमन स्नानगृहाचे दालन होते. त्यावरील घुमटाचा व्यास सुमारे ३७ मीटर होता, म्हणजे रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटापेक्षा थोडाच कमी. समोरच्या बाजूच्या झाडीत एक भुयार आहे, त्याला स्थानिक लोक सिबिलची, म्हणजे ईनीअसला पाताळात नेणाऱ्या भविष्यवादिनीची, गुहा म्हणतात. तेही अग्रिपाच्या काळातील लष्करी खोदकामापैकीच असावे, असे अभ्यासक मानतात. कॉक्सीयसच्या बोगद्यात दुसऱ्या महायुद्धात दारूगोळा साठवला होता, त्याच्या स्फोटाने बोगद्याचे फार नुकसान झाले.

सिबिलची म्हणून आज जी जागा दाखवली जाते, ती अव्हर्नसला नसून क्यूमीच्या टेकडीवर आहे. खडकात कोरलेला, शंभर मीटरहून लांब बोळ, छेद समलंब चौकोनी, आणि एका बाजूने ठरावीक अंतरावर उजेडासाठी उघडलेली तोंडे. १९३२ मध्ये आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाने तो शोधला आणि हीच सिबिलची गुहा असे जाहीर केले. तीही मुळात संरक्षणासाठीच खोदलेली असावी, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. बंदराचे म्हणाल, तर पोर्तुस यूलियसचे धक्के आणि कोठारे आज किनाऱ्याजवळ समुद्राखाली आहेत. जमीन खचल्यामुळे ती बुडाली. हवाई छायाचित्रांत त्या भिंतींच्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांना तेथे नेण्याची सोय आहे.

कृष्णाबाई_घाट (सांगली)

मूळ प्रश्नाला, म्हणजे व्हर्जिलच्या हेतूला, अजून कोणी थेट हात घातलेला नाही. माझे मत स्पष्ट आहे: व्हर्जिलने गोदीकडे डोळेझाक केलेली नाही. त्याने ती सहाव्या सर्गात आणली आहे, फक्त तिचे नाव घेतलेले नाही.

आधी हे लक्षात घ्या, की 'ईनिड'पूर्वी लिहिलेल्या शेतीविषयक काव्यात, 'जॉर्जिक्स'च्या दुसऱ्या भागात, इटलीची थोरवी सांगताना त्याने याच बंदराचा अभिमानाने उल्लेख केलेला आहे. लुक्रिनसला घातलेले बांध, अडवलेल्या समुद्राचा रोष आणि अव्हर्नसच्या कालव्यांत शिरणारे भरतीचे पाणी हे सारे त्यात आहे. तेव्हा त्याला बंदराची माहिती होती आणि कौतुकही होते.

आता सहावा सर्ग शांतपणे पुन्हा वाचा. पाताळात उतरण्यापूर्वी ईनीअसला एक कर्तव्य पार पाडावे लागते. त्याचा तुतारीवाला मिसेनस समुद्रात बुडून मेलेला आहे, आणि त्याचे अंत्यसंस्कार झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चितेसाठी लाकूड हवे म्हणून सगळे जुन्या रानात शिरतात. कुऱ्हाडींचे घाव घुमू लागतात, देवदारासारखे वृक्ष कोसळतात, ओक फाडले जातात, डोंगरावरून ओंडके गडगडत येतात. ज्या परिसरातील रान अग्रिपाच्या माणसांनी कवीच्या हयातीत तोडले, तेथेच कवी आपल्या नायकाच्या हातात कुऱ्हाड देतो, आणि ती देतो एका पवित्र कार्यासाठी. पुढे मिसेनसच्या समाधीवर ईनीअस त्याची साधने ठेवतो: वल्हे आणि तुतारी. त्या भूशिराला मिसेनम हे नाव त्याच्यावरून पडले, असे कवी सांगतो. आणि अव्हर्नसचे बंदर गाळाने निरुपयोगी होऊ लागल्यावर ऑगस्टसचे आरमार हलवले गेले ते याच मिसेनमला. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात प्राण गमावलेला रोमन लेखक थोरला प्लिनी त्याच आरमाराचा प्रमुख होता. व्हर्जिलच्या पहिल्या वाचकांना मिसेनस, वल्हे आणि तोडलेले रान हे एकत्र वाचताना काय आठवले असेल, हे वेगळे सांगायला नको.

पक्ष्यांच्या बाबतीतही त्याची बारीक नजर दिसते. कुऱ्हाडी चालू असतानाच ईनीअसला दोन कबुतरे दिसतात. ती त्याची माता व्हीनस हिची. ती थोडे उडतात, थोडे टिपतात आणि त्याला सोनेरी फांदीकडे नेतात. अव्हर्नसच्या दुर्गंधीयुक्त मुखापाशी येताच मात्र ती झपकन वर उसळतात, वरच्या मोकळ्या हवेतून सरकत जाऊन त्या झाडावर बसतात. जड वायू खाली साचतो, असे काळापाषाण सरांनी लिहिले आहे. या पाखरांचे वागणे त्याच्याशी तंतोतंत जुळते. लुक्रीशियसचे स्पष्टीकरण व्हर्जिलने नाकारले नाही. त्याने ते पाखरांच्या हालचालीत उतरवले आणि त्याच जागी देवत्वही राखले.

म्हणून मेणवली_घाट यांच्या शेवटच्या मुद्द्यापासून थोडी वेगळी वाट धरते. ते हॅनिबलच्या संदर्भात राजकारणासाठी वापर म्हणतात. व्हर्जिलचे काम मला निराळे वाटते. खणल्या गेलेल्या, तोडल्या गेलेल्या जागेचे पावित्र्य संपले असे त्याला मान्य नव्हते. स्ट्रेबोच्या दृष्टीने रान गेले आणि कथा संपली. व्हर्जिलच्या दृष्टीने रान गेले तरी काठावर कोणी आले होते, तेथे काळ्या गोऱ्ह्यांच्या शिंगांमधले केस उपटून अग्नीत टाकले होते, रात्रीला आणि पृथ्वीला काळी मेंढी अर्पण केली होती, आणि मगच एक माणूस खाली उतरला होता. खाली जाणे सोपे आहे, दार रात्रंदिवस उघडे आहे, पुन्हा वर येणे हेच खरे कष्टाचे काम, असे सिबिल त्याला आधी बजावते. सेक्स्टसबरोबरच्या युद्धात माणसे गमावलेल्या घरांत हे शब्द नुसती पुराणकथा म्हणून ऐकले गेले असतील, असे मला वाटत नाही.

नेमीविषयी थोडक्यात. नेमी हेही ज्वालामुखीच्या मुखातील सरोवर आहे, परंतु ते रोमच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर, आल्बान टेकड्यांत आहे. तेथे डायना या देवीचे राखीव रान होते. तेथील पुजारी हा पळून आलेला गुलाम असे, आणि आधीच्या पुजाऱ्याला द्वंद्वात मारूनच तो त्या पदावर येई. त्यासाठी प्रथम तेथील एका झाडाची फांदी तोडावी लागे. व्हर्जिलचा प्राचीन टीकाकार सर्व्हियस याने ईनीअसच्या सोनेरी फांदीचा संबंध या प्रथेशी जोडला, आणि जेम्स फ्रेझरने १८९० मध्ये त्यावरूनच आपल्या प्रसिद्ध ग्रंथाचे नाव ठेवले. व्हर्जिलच्या काव्यात मात्र फांदी अव्हर्नसच्याच रानात आहे, नेमीचा तेथे उल्लेख नाही.

मेणवली_घाट (वाई)

ताई, मिसेनसच्या चितेचे लाकूड आणि अग्रिपाची तोड यांची सांगड मला पूर्ण पटली. माझ्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. इ. स. ६४ मधील रोमच्या आगीनंतर सम्राट नीरोने अव्हर्नसपासून थेट टायबर नदीच्या मुखापर्यंत जहाजांचा कालवा खणण्याचे काम काढले होते. सेव्हेरस आणि सेलर हे त्याचे स्थापत्यकार. वाटेत रुक्ष किनारा आणि डोंगर, पाणी पुरवील अशी जागा पाँटाइन दलदलीखेरीज दुसरी नाही. तरीही अव्हर्नसलगतच्या टेकड्या फोडायला सुरुवात झाली, आणि त्या व्यर्थ आशेच्या खुणा आपल्या काळातही दिसतात, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. या कालव्यापायी केक्युबमचे नामांकित द्राक्षमळे गेले, अशी थोरल्या प्लिनीची तक्रार आहे. अग्रिपाचे काम एका युद्धापुरते होते आणि त्याने ते एका वर्षात उभे केले. नीरोचा कालवा कधीच पुरा झाला नाही.

अजिंक्यतारा_वाचक (सातारा)

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत सहाव्या सर्गातील मिसेनसच्या अंत्यविधीचा भाग आणि 'जॉर्जिक्स'मधील बंदराचा उतारा एकत्र वाचावयाचे ठरवले आहे. कृष्णाबाई_घाट ताईंना सवड असेल, तर त्यांनी साताऱ्याला येऊन तो भाग आमच्याकडून वाचून घ्यावा, अशी मंडळाची विनंती आहे.